मिरजेहून लागलेली बोली

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१ जानेवारी २०२५

ती. आई यांस,
सुखदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तिळाच्या वड्यांचा डबा पोचला. यंदा तो ऑफिसात नेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेल्या वर्षी नेला, तर माझ्या वाट्याला एक वडी आली होती. तुमच्या कानाच्या यंत्राचं काय झालं? फोनवर तुम्हाला माझं बोलणं कमी आणि त्याची शिट्टी जास्त ऐकू येते म्हणून आपण पत्रं सुरू केली. आता यंत्र दुरुस्त झालं तरी ती थांबवू नका. ऑफिसातून दमून यावं आणि दाराशी तुमच्या अक्षरातलं पाकीट असावं, याची मला चटक लागली आहे.

मुद्द्याचं म्हणजे, क्वार्टर सोडायचा कागद आला. शार्दूल गेल्यावर सरकारने दोन वर्षं राहू दिलं, तेच खूप झालं. आता मार्चअखेर किल्ली द्यायची आहे. नोएडात ऑफिसजवळ एका खोलीची जागा बघितली आहे. सोफा, कपाट, कूलर जातील कुठेतरी. अडलंय ते ट्रंकेपाशी. शार्दूल परीक्षेच्या तयारीला दिल्लीत आला त्या वर्षापासून तुम्ही दर थंडीला त्याच्यासाठी स्वेटर विणून पाठवलेत, ते सगळे त्यात आहेत. शिवाय त्याचे शर्ट आणि कोट. दोन्ही हिवाळे मी ते गच्चीवर उन्हात टाकले, डांबराच्या गोळ्या बदलल्या आणि परत ठेवून दिले. यंदा एका स्वेटरला कसर लागलेली दिसली आणि मी गच्चीवरच रडत बसले. समोरच्या नेगी आंटी धावत आल्या. त्यांना वाटलं मी पडले.

रडून झाल्यावर मनात आलं की लोकर अंगावर असायला हवी, ट्रंकेत नाही. ऑफिसातल्या एकांनी मला लिलावाची एक साइट दाखवली. हाताने केलेल्या वस्तू आणि वापरलेले कपडे, दोन्ही तिथे विकले जातात. आपण फोटो टाकायचा, वस्तूबद्दल चार ओळी लिहायच्या, आठवडाभर लोक फोनवरून बोली लावतात आणि शेवटी ज्याची सर्वांत जास्त त्याला वस्तू. हट्टाने बोली लावून घेतलेला स्वेटर माणूस वापरेल तरी, असं मला वाटतं. पण ते तुमच्या हातचे आहेत, म्हणून विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर ट्रंक नोएडाला नेईन आणि पलंगाखाली सारीन. मला जराही वाईट वाटणार नाही.

आणि खातं उघडणारच आहे, तर तुमच्या कपाटातली तोरणं आणि क्रोशाचे रुमालही पाठवा. तुम्ही करत जाता आणि कपाटाचं दार लागत नाही म्हणून कुरकुरता. दिल्लीत त्याचे चाहते निघतील.

कळावे. लोभ आहेच, तो असाच उतू जाऊ द्यावा.
तुमची,
सुखदा

---

मिरज
८ जानेवारी २०२५

चि. सुखदा हिस,
अलकनंदाचे अ. उ. आ.

लिलाव हा शब्द वाचून मी आधी घाबरले. आमच्याकडे लिलाव म्हणजे बँकेने कुणाच्या तरी घरावर चिकटवलेला कागद. मग वरच्या खोलीत भाड्याने राहणारी रेवती आली, तिने तिच्या फोनवर ती साइट उघडून दाखवली आणि माझा जीव भांड्यात पडला. अगं, ही तर बोहारीण! फरक एवढाच की आमची बोहारीण दारात बसून जुन्या साड्यांना नाकं मुरडायची आणि एका स्टीलच्या डब्यासाठी मला तासभर भांडायला लावायची. तुझ्या साइटवर भांडण लोकांनी आपसात करायचं आणि आपण मजा बघायची. ही सुधारणा मला पसंत आहे.

स्वेटर विक. परवानगी दिली असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोडलं. कपडे तुझ्या नवऱ्याचे, परवानगी मी कोण देणार? तरी तू विचारलंस ते मला फार बरं वाटलं. शार्दूलचे बाबा गेले तेव्हा मी आठ दिवसांत त्यांचे सगळे कपडे बोहारणीला देऊन मोकळी झाले होते. त्यानंतर कितीतरी महिने रस्त्याने जाताना मी माणसांच्या अंगावरचे शर्ट बघत असे. एकदा मार्केटात एका माणसामागून भाजीवाल्यापर्यंत गेले. शर्ट त्यांचा नव्हताच. तुझं तसं होणार नाही, कोण काय घेऊन गेलं ते तुला ठाऊक असेल.

मिरजेत स्वेटर लागतोच किती! दिल्लीची थंडी मी एकाच वर्षी पाहिली, तुमच्या लग्नानंतरची. क्वार्टरपुढच्या हिरवळीवर उन्हात बायका विणत बसायच्या, त्यात मी घुसले. जुना स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लडी धुवायच्या, खाली वजन बांधून दोरीवर टांगायच्या म्हणजे तिचे कुरळे पीळ सुटतात, हे मला तुझ्या नेगीबाईंनी शिकवलं. नंतर एका वर्षी दोन स्वेटर उसवून मी शार्दूलला एकच केला होता, आठवतं? तो तुझ्या स्वयंपाकाचा प्रताप. पोरगं आडवं वाढलं होतं.

सोबत तीन तोरणं, सहा रुमाल आणि लोकरीची एक बाहुली पाठवते आहे. बाहुलीचं नाक जरा वाकडं झालंय, फोटो डावीकडून काढ.

दहा जागी बघ, पण हवेशीर घर घे. खोकला आहे का, ते लिहिलं नाहीस. कळावे, आणि न कळवलेलंही मला कळतं हे लक्षात असावे.
अलकनंदा

---

आर. के. पुरम
२९ जानेवारी २०२५

ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

खोकला आहे, पण इथे कुणाला नाही? हवा अशी आहे की नेगी आंटी पहाटेचं फिरायला जाणं सोडून आता जिन्यातच वर-खाली करतात.

लिलावाची हकीकत ऐका. पहिल्या आठवड्यात मी स्वेटर हँगरला लावून फोटो टाकले. एकही बोली नाही. साइटवरच्या इतर बायकांनी सांगितलं की कपडा माणसाच्या अंगावर दिसला पाहिजे. मग ऑफिसातल्या त्याच एकांना विनंती केली, ते रविवारी आले आणि तीन स्वेटर एकामागून एक घालून बाल्कनीत उभे राहिले. चेहरा फोटोत घेतला नाही. लगेच बोल्या सुरू! तपकिरी स्वेटर करोलबागेत राहून परीक्षेची तयारी करणाऱ्या शिवांगी नावाच्या लातूरच्या मुलीने घेतला. स्वतः न्यायला आली. पुरुषी मापाचा आहे म्हटलं, तर म्हणाली की अभ्यासिकेत बोटं गारठतात, लांब बाह्याच हव्यात. तो घालूनच ती मेट्रोने गेली. शार्दूल त्याच भागात राहायचा, त्याच अभ्यासाला. मी तिला खिडकीतून वळणापर्यंत बघत होते. आई, मला त्या दिवशी खूप हलकं वाटलं.

तुमच्या तोरणांनी तर कमाल केली. मोत्यांच्या तोरणावर गुरुग्रामच्या आणि द्वारकेच्या दोन बायका अशा जुंपल्या की शेवटची पाच मिनिटं मी चहा गार केला. द्वारकेच्या जिंकल्या. त्यांनी मेसेज करून विचारलंय की या आजी अजून काय काय करतात. बाहुलीही गेली. नाकाबद्दल तक्रार नाही.

आता कोड्यात टाकणारी गोष्ट. राखाडी स्वेटरवर, गोल गळ्याचा तो, बोली सारखी वाढत होती. शेवटच्या संध्याकाळपर्यंत ती नव्या स्वेटरच्या किमतीच्या वर गेली. मी खूश. लिलाव संपल्यावर घेणाऱ्याचा पत्ता उघडला, तर गाव मिरज! आई, हे तुम्ही आहात का? असाल तर पुढचं ऐका. त्या स्वेटरवर दुसऱ्या कुणाचीही बोली नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही स्वतःशीच भांडत होतात.

मी आधी पोट धरून हसले. नंतर काय झालं ते तुम्ही ओळखाल.

कळावे. ममता आहेच, बोली न लावताही ती मला मिळत राहावी.
तुमची,
सुखदा

---

मिरज
५ फेब्रुवारी २०२५

चि. सुखदा हिस,
अ. उ. आ.

हस, हस. रेवती चार दिवस हसते आहे, त्यात तुझी भर.

घडलं ते असं. तुझे फोटो बघायला मी रेवतीचा फोन मागून घेतला आणि ती अंघोळीला गेली. राखाडी स्वेटर दिसला. खाली एक बटण होतं. मला वाटलं, आवडलं तर शाबासकी द्यायचं ते बटण, म्हणून दाबलं. तर स्वेटरखाली 'अ' आणि पुढे तीन फुल्या उमटल्या. मला वाटलं कुणी अनसूया नाहीतर अरुंधती आली बोली लावायला. माझ्या मुलाचा स्वेटर नेणारी ही कोण टपकली! मी पुन्हा दाबलं. अनसूया काही हटेना. मीही हटले नाही. पुढे चार दिवस रेवती जरा इकडेतिकडे झाली की मी अनसूयेला धडा शिकवत होते. शेवटी रेवतीने फोन बघितला आणि डोक्याला हात लावला. तिने माझ्याच नावाने खातं काढून दिलं होतं, त्यामुळे ती 'अ' मीच.

साइटला सांगून व्यवहार रद्द करता येतो म्हणे. करू नकोस. दाबता दाबता मला समजलं की तो स्वेटर मला हवाच आहे. बाकीचे जाऊ देत जगात. तो एक पाठव.

आता माझी चौकशी. तुझ्या फोटोंत तो मुंडकं नसलेला माणूस कोण गं? रेवतीच्या फोनवर मी त्याला दोन बोटांनी मोठा करून चांगला बघितला आहे. पहिल्या फोटोत तो पासपोर्टला उभा राहिल्यासारखा ताठ आहे. दुसऱ्यात जरा सैल झालाय. तिसऱ्यात त्याच्या हातात कप आहे, आणि तो मी तुला मिरजेहून आणलेल्या सहा कपांतला आहे. ते कप तू पाहुण्यांना काढत नाहीस, मलाही दोनदा मागितल्यावर दिला होतास. डावी बाही दोनदा दुमडली आहे आणि तीही तूच दुमडलीस, पुरुषांना इतकी नीट घडी घालता येत नाही. तर पुढच्या वेळी मुंडकंही पाठव, म्हणजे ओळख होईल.

चेष्टा करते आहे गं. मध आणि आल्याचा रस रोज घे. कळावे, खोकल्यासकट सगळं कळावे.
अलकनंदा

---

आर. के. पुरम
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

राखाडी स्वेटर कालच पोस्टात टाकला. चार-पाच दिवसांत पोचेल.

नोएडाची जागा नक्की झाली. पाचव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, पाणी नियमित येतं. सामान न्यायला टेंपो ठरवते आहे. थंडी ओसरली. गजराची वेळ पूर्वीचीच ठेवली आहे, कारण मेट्रोला गर्दी असते. तुमचे रुमाल चांगले जात आहेत. द्वारकेच्या बाईंनी दोन घेतले.

फोटोतले गृहस्थ ऑफिसात आहेत. यतीन नाव आहे. मदत केली एवढंच. बाकीचे स्वेटर मी पुन्हा हँगरला लावूनच टाकणार आहे, तेच बरं दिसतं.

तब्येतीची काळजी घ्यावी. लोभ असावा.
सुखदा

---

मिरज
२० फेब्रुवारी २०२५

चि. सुखदा हिस,
अ. उ. आ.

स्वेटर पोचला. तुझं पत्रही पोचलं, आणि ते इतकं नीटनेटकं होतं की मला काळजी वाटली. तू मला कधी गजराची वेळ लिहिली नव्हतीस.

हँगरवरच्या स्वेटरांना बोली नाही, हे मी रेवतीकडून रोज बघते आहे. आता तिच्यासमोरच बघते, बटणाला हात लावत नाही.

मला जे विचारायचं आहे ते सरळ विचारते. आडवळणाने विचारलं की तू टेंपोचं सांगशील. त्या यतीनचं आणि तुझं काही आहे का? असेल तर ते माझ्यापासून लपवायचं का ठरवलंस?

मीही तुझ्यापासून लपवत नाही. पहिल्यांदा दुसऱ्या माणसाच्या अंगावर शार्दूलचा स्वेटर बघितला तेव्हा मला राग आला होता. तुझा आला, त्याचा आला, साइटचा आला. फोन पालथा घातला आणि दुपारी जेवले नाही. राखाडी स्वेटरवर मी चार दिवस जी बटणं दाबली, त्यात तो राग पुष्कळ होता. नंतरच्या पत्रात मी चेष्टा केली, पण ती करताना हात जड झाला होता. तुला ते जाणवलं असावं, म्हणून तू आक्रसलीस. चूक झाली असेल तर माझी.

घाईने उत्तर देऊ नकोस. पण दे. कळावे, आणि खरं तेच कळावे.
अलकनंदा

---

आर. के. पुरम
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

हो, आहे. होतं, असं लिहायला हवं.

यतीन माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. शार्दूलच्या वेळी मी दोन महिने रजेवर होते, तेव्हा माझं काम त्याने न सांगता उरकलं होतं. तेव्हा मला तो कोण हेही धड ठाऊक नव्हतं. साइट त्यानेच दाखवली. स्वेटर घालताना तो असा अवघडायचा, जणू काही तुटेल. तिसरा स्वेटर घातल्यावर मी त्याला तुमच्या कपातून चहा दिला, आणि कप हातात दिल्यावर मला कळलं की मी तो कप का काढला. नंतरच्या आठवड्यात त्याने मला लग्नाचं विचारलं.

मी नाही म्हणाले. तुमच्या धाकाने नाही, आई. मला भीती वेगळीच होती. माझे आईवडील गेले तेव्हापासून माहेर म्हणून मी मिरजेलाच येते. आपल्या दोघींमध्ये मूलबाळ नाही, ज्याची तुम्ही आजी म्हणून राहाल. आपल्याला जोडणारा एकच दुवा शार्दूल. त्याची बायको म्हणून मी तुमची सून. उद्या मी दुसऱ्या घरची झाले तर मी तुमची कोण? हे पाकीट दाराशी कुठल्या नात्याने येईल? तुम्ही पत्राच्या वर काय लिहाल आणि मी काय लिहू? रात्रंदिवस मला दुसरं सुचत नव्हतं. यतीन नसेल तर मी जगेन, दोन वर्षं जगलेच की. तुम्ही नसाल तर मला माझं म्हणून कोणीच राहत नाही.

म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने वाद घातला नाही. फोटो काढायला येणं बंद केलं, टेबल तेच आहे. विषय संपला. तुम्ही जेवत जा.

तुमची सून,
सुखदा

---

गोल मार्केट, नवी दिल्ली
४ मार्च २०२५

आदरणीय आई,
सादर नमस्कार.

मी यतीन. फोटोतला. तुम्हाला काय म्हणू ते समजलं नाही, तर सुखदा म्हणते तेच लिहिलं. चुकलं असेल तर माफ करा. तुमचा पत्ता मी पार्सलवरून घेतला आहे, तिला माहीत नाही. जन्म दिल्लीतला आहे, तर माझी मराठी थोडी अशीच आहे. बाबा कोपर्निकस मार्गाला आपल्या राज्याच्या जुन्या सदनात किचनला होते. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, म्हणून लिहिता तरी येतं. घरी आता बाबा आणि मी, दोघंच. बोलायला कोणी नसलं की शब्द विसरतात. बाहीला मी आस्तीन म्हणालो तर सुखदा खूप हसली होती.

मी सफाई द्यायला लिहीत नाही. तिने नाही म्हटलं, ते मी मानलं. बिल्कुल मानलं. फक्त एक गोष्ट सांगायची होती. तुमचा स्वेटर पहिल्यांदा घातला तेव्हा असं वाटलं की कोणाच्या घरात न विचारता शिरलो. खांद्यात टाइट होता, पण त्यासाठी नाही. आतून एक-एक टाका इतका बरोबर होता की वाटलं, हे ज्याच्यासाठी आहे त्याला कोणीतरी रोज आठवत असणार. मी तेव्हाच सुखदाला म्हणालो होतो की चल, राहू दे, हँगरला लाव. ती म्हणाली, आईंनी विका म्हटलंय.

आई, ती ऑफिसात चांगली दिसते, हसते पण. पण लंचला डबा उघडून तशीच बसते. मी ओळखतो. ती मला नाही म्हणाली, त्याचं दुःख आहे, खोटं का बोलू. पण त्यापेक्षा जास्त वाईट मला हे लागतं की ती तुम्हाला हरवेल या भीतीने नाही म्हणाली. तुम्ही तिला फक्त एवढं लिहा की ती माझ्याशी लग्न करो, नाही करो, कोणाशीही करो, तुम्ही तिच्या राहाल. मग तिने मला परत नाही म्हटलं तरी चालेल. मग ती 'नाही' खरी असेल.

जास्त बोललो असेन तर मुलगा समजून सोडून द्या. बाबांचा पण नमस्कार.
तुमचा,
यतीन

---

मिरज
१२ मार्च २०२५

चि. सौ. कां. सुखदा हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मायना वाचून तू थबकली असशील. लिहून मीही थबकले होते. असं लग्न ठरलेल्या लेकीला लिहितात, सुनेला कोणी लिहीत नाही. पत्राच्या वर काय लिहायचं म्हणून तू रात्रंदिवस घोकत होतीस ना? माझ्यापुरतं मी ठरवलं. तुझं तू बघ.

यतीनचं पत्र आलं. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने तुला न विचारता लिहिलं ते बरंच केलं. त्याची मराठी ऐकायला गंमत वाटेल असं दिसतं. एका ओळीत त्याने माझ्या टाक्यांची तारीफ केली आहे. शार्दूलने आयुष्यात कधी आतून बघितला नव्हता स्वेटर. असो.

रडले का? रडले. रेवतीला वर पाठवून दिलं, दार लावलं आणि पोटभर रडले. शार्दूल माझा मुलगा आहे आणि ती जागा कुणाला मिळायची नाही, यतीनला नाही आणि देवालाही नाही. त्याची आठवण आली की मी तुला लिहिणार, तुला आली की तू मला लिहायचं, यतीनने तेवढा वेळ बाहेर चक्कर मारून यावी. हे त्याला सांगून ठेव.

पण तू म्हणतेस आपल्यामध्ये एकच दुवा, ते मला मान्य नाही. शार्दूलमुळे तू आमच्या घरात आलीस, कबूल. तो गेल्यावर तुला कोणी बांधून ठेवलं होतं का? तरी दर आठ-पंधरा दिवसांनी पाकीट येतच राहिलं. माझ्या कानाच्या यंत्राची विचारपूस, बाहुलीच्या नाकाची काळजी, हे शार्दूल लिहून देत नव्हता. तू लिहीत होतीस. या दोन वर्षांत तू माझी सून कधी नव्हतीसच, आपल्या दोघींना ते उशिरा कळलं एवढंच. मला मुलगी नाही. तुला आई नाही. यापुढे कुणाला हिशेब विचारायला जाऊ नकोस.

आता कामाचं. त्याला हो म्हणायचं की नाही ते तुझं मन सांगेल. नाही म्हणालीस तरी मी जागच्या जागी आहे. पण डबा उघडून तशीच बसणारी मुलगी नाही म्हणेल असं मला वाटत नाही. तेव्हा मी तयारीला लागते. लग्न मिरजेत, वैशाखात. मुलीकडची मी. मुलाकडच्यांचा मानपान माझ्याच्याने फार होणार नाही, यतीनच्या वडिलांना आधीच कल्पना दे. ते सदनाच्या किचनमध्ये होते ना? मग जेवणावळीचं तेच बघतील तर बरं, आमचा इथला आचारी मीठ फार घालतो.

ट्रंकेत राहिलेले स्वेटर हँगरलाच असू देत, कोणी थंडीने काकडणारा येईल आणि नेईल. यतीनला ते घालायला लावू नकोस. दुसऱ्याच्या मापात त्याने का म्हणून अंग चोरून राहावं?

आणि एक काम मात्र पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी कर. गेल्या पार्सलातलं पांढऱ्या मण्यांचं मोठं तोरण, क्रोशाचा टेबलावरचा रुमाल आणि सुपारीचं नवरानवरीचं जोडपं तू साइटवर चढवलं आहेस. रेवतीने काल दाखवलं. रविवारी लिलाव संपतो, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, आणि द्वारकेच्या बाई पुन्हा हट्टाला पेटल्या आहेत. ते सगळं उतरव. मधेच माल मागे घेतला तर साइटवाले विकणाऱ्याचं नाव खराब करतात म्हणे, करू देत. बाईंना माझ्या वतीने नमस्कार सांग, माफी माग, आणि कळव की या वस्तू आता विकायच्या नाहीत. आमच्या मुलीच्या रुखवतात मांडायच्या आहेत.

कळावे. लोभ आजवर सासूचा होता, आता आईचा सोसावा.
तुझी आई,
अलकनंदा